ऊन, गारवा आणि डासाचे वय

"डॉक्टर, पाऊस लागून राहिला होता तेव्हा घरात डासच डास होते, पण कुणाला काही झाले नाही. आता पाऊस उघडला, ऊन पडले, डास कमी झाले आणि घरातली तिघे तापाने आडवी झाली. हे कसे?" सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचे निरीक्षण बरोबर असते. पण त्यावरून ‘म्हणजे हा ताप डासांचा नसणार’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा असतो, आणि रक्त तपासायला चार दिवस उशीर झाला तर तो महागात पडतो. म्हणून या आठवड्यात डास आणि हवेचे तापमान यांचे नाते जरा सविस्तर पाहू.

डास हा थंड रक्ताचा कीटक आहे. बाहेर थंडी असो की ऊन, आपले शरीर आपले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. डासाला ती सोय नाही. भोवतालची हवा जेवढी गरम, तेवढे त्याचे अंग गरम. त्यामुळे अळीचा डास होणे, प्यायलेले रक्त पचणे, अंडी तयार होणे ही सगळी कामे उबेत भराभर होतात आणि गारठ्यात रेंगाळतात. डासाच्या पोटात जे रोगजंतू असतात त्यांनाही हाच नियम लागू आहे. सगळी गोम येथेच आहे.

डास चावला म्हणजे रोग झाला, असे नसते. नुकताच पंख फुटलेला हिवतापाचा डास जंतू घेऊन जन्माला येत नाही. त्याने (खरे तर तिने, कारण रक्त पिते ती फक्त मादी; पण सवयीने आपण डासच म्हणू) आधी एखाद्या रुग्णाचे रक्त प्यावे लागते. त्या रक्तातले जंतू डासाच्या पोटात जातात, तेथे वाढतात, पोटाची भिंत ओलांडून लाळेच्या ग्रंथींत पोचतात. मग पुढच्या चाव्याबरोबर लाळेतून ते दुसऱ्या माणसाच्या शरीरात उतरतात. या सगळ्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस तो डास चावतो, खाज येते, रात्रीची झोप मोडते, पण रोग होत नाही.

हे प्रथम दाखवून दिले सर रोनाल्ड रॉस यांनी. अलमोड्यात जन्मलेले हे लष्करी सेवेतले डॉक्टर १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला होते. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेले डास ते रोज थोडे थोडे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. १६ ऑगस्टला रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना २० ऑगस्टला काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात दिवसागणिक वाढत होते. या कामाबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. सिकंदराबादची ऑगस्टमधली हवा आपल्या सोलापूरकडच्या हवेसारखीच, फार ऊन नाही आणि फार गारठाही नाही. रॉससाहेबांनी तेच डास एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारीत चिरले असते, तर चौथ्या दिवशी त्यांना काही दिसले असते की नाही, याची मला शंका वाटते.

कारण जंतूंच्या वाढीचे दिवस हवेच्या उबेवर ठरतात. हिवतापाचा जो जास्त घातक प्रकार, फाल्सिपेरम, त्याचे जंतू १६ अंशांच्या खाली डासाच्या अंगात वाढतच नाहीत. २० अंशांना वाढ पुरी व्हायला सुमारे २८ दिवस लागतात. २५ अंशांना १२ दिवस पुरतात, आणि २८ अंशांना तर ९ दिवसांत काम होते. दुसरा प्रकार व्हायव्हॅक्स. तो गारठा थोडा अधिक सोसतो. त्याला २० अंशांना १९ दिवस आणि २५ अंशांना १० दिवस लागतात. डेंग्यूच्या विषाणूचेही असेच आहे. हवा २५ अंश असेल तर त्याला डासाच्या अंगात सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंश असेल तर साडेसहा.

आता दुसरी बाजू पाहा. डास काही फार जगत नाही. पाल, कोळी, वारा, कोरडी हवा आणि आपल्या हातची टाळी यांतून तो रोज वाचायला हवा. हिशेबापुरते समजा, शंभर डासांनी आज एका रुग्णाचे रक्त प्यायले आणि रोज दहातला एक डास मरतो. हवा २० अंश असेल तर फाल्सिपेरमचे जंतू तयार होईपर्यंत २८ दिवस जातील, आणि तोवर शंभरातले जेमतेम पाच डास जिवंत असतील. हवा २५ अंश असेल तर १२ दिवसांनी २८ डास उरतील. हवेत फरक पडला पाच अंशांचा, पण रोग देऊ शकणारे डास झाले पाचपटीहून जास्त. शिवाय उबेत रक्त लवकर पचते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी डास पुन्हा चावायला येतो. गारठ्यात तोच चार-पाच दिवस किंवा त्याहून जास्त काळ कोपऱ्यात बसून राहतो.

यावरून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भर पावसात घरात जे डासांचे मोहोळ उठते, त्यात बहुतेक नुकतेच जन्मलेले असतात. त्यांतल्या एखाद्याने रुग्णाला चावायचे, त्याच्या अंगात दहा-बारा दिवस जंतू वाढायचे, मग तो तुम्हाला चावायचा, आणि त्यानंतर तुमच्या शरीरात हिवताप दिसायला आणखी दहा ते चौदा दिवस. झाला की महिना! तोवर पाऊस उघडलेला असतो, नवे डास जन्मणे कमी झालेले असते. घरात उरतात ते थोडे, पण वयस्क. डासांच्या बाबतीत संख्येपेक्षा वयाला भ्यावे. शंभर तरुण डासांपेक्षा पंधरा दिवसांचे चार म्हातारे जास्त वाईट.

गावात हिवताप विभागाची माणसे घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारायला येतात, ती याच हिशेबाने. हिवतापाचा डास रक्त प्यायल्यावर जड होऊन भिंतीवर विसावतो, आणि तेथे औषध असेल तर तो मरतो. गावातले सगळे डास नाहीसे करायचे हा त्यात हेतू नसतो. डास म्हातारा होऊ द्यायचा नाही, एवढाच असतो. आपल्या देशाचा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला तो प्रामुख्याने अशा फवारणीच्या बळावर. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे असा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मग ढिलाई आली, डास औषधाला निबर झाले, आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. फवारणीच्या डागांनी भिंत वाईट दिसते म्हणून लोक आठवड्याभरात चुना लावतात किंवा शेणामातीने सारवतात. काही जण तर देवघर आणि माजघर सोडून फक्त गोठा फवारून घेतात. फवारलेली भिंत अडीच-तीन महिने तशीच ठेवावी. दिवाळीची रंगरंगोटी फवारणीच्या आधी उरकावी, नाहीतर ती फुकट गेली म्हणून समजा. संध्याकाळी गल्लीतून फिरणाऱ्या धुराच्या गाडीचे लोकांना भारी कौतुक. साथ चालू असताना उडत्या डासांसाठी तिचा उपयोग आहे, पण पाण्यातल्या अळ्यांना तिचा पत्ताही लागत नाही.

मग हवा जेवढी तापेल तेवढा धोका वाढत जाईल का? तसे नाही. डासाचेही एक सुखाचे तापमान असते. हिवतापाचा प्रसार २५ अंशांच्या आसपास सर्वांत जोरात होतो, आणि डेंग्यूचा २९ अंशांच्या आसपास. त्यापुढे जंतू लवकर वाढतात खरे, पण डासच लवकर मरतात. ३४-३५ अंशांच्या पुढे सरासरी तापमान गेले की दोन्ही रोगांचा प्रसार जवळजवळ थांबतो. कोरड्या हवेत तर डास आणखी लवकर वाळतो. हवेत साठ टक्क्यांच्या वर ओल असली की त्याचे आयुष्य वाढते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये दुपारी सुमारे ३१ आणि पहाटे २२ अंश असते, हवा ओलसर असते. म्हणजे डासाच्या दृष्टीने मेजवानीच.

मे महिन्यात पारा ४१ वर जातो. "आता एवढ्या उन्हात कुठला डास?" असे लोक म्हणतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्तमानपत्रात छापून येणारे तापमान हे वेधशाळेच्या मोकळ्या आवारातल्या, पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या तापमापकाचे असते. डास त्या पेटीत राहत नाही. तो राहतो पलंगाखाली, खुंटीवर अडकवलेल्या सदऱ्यांच्या मागे, मोरीत, गोठ्यात, विहिरीच्या कपारीत. मातीच्या जाड भिंतीच्या घरात बाहेरच्यापेक्षा कितीतरी गारवा असतो. कूलर लावलेल्या खोलीत गारवाही असतो आणि ओलही, आणि त्याच कूलरच्या टाकीत अंडी घालायला पाणीही. आपण उन्हापासून पळून जेथे बसतो, तेथेच डासही येऊन बसतो.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे बऱ्याच गावांत उन्हाळ्यात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते. साहजिकच बॅरल, रांजण, हौद, पिंप सगळे भरून ठेवतात. जमिनीतला हौद किंवा सावलीतला रांजण भर दुपारीही थंड असतो. पाणी थंड राहावे म्हणून तर आपण रांजण ठेवतो! डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास, एडिस इजिप्ती, अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गटारीतल्या घाण पाण्यात मुख्यतः हत्तीरोगाचा क्युलेक्स डास होतो. म्हणून ‘आमच्याकडे गटार नाही, डेंग्यू कसा?’ या प्रश्नात अर्थ नाही.

टंचाईच्या भागात हा रोग पूर्वीही येऊन गेला आहे. १९७३ साली आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग देशात जणू नाहीसा झाला. मग २००६ मध्ये तो मराठवाड्यासह दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत असा उसळला की सांधे धरून चालणारी माणसे घरोघर दिसू लागली. त्या वर्षी ज्यांना हा ताप आला त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुणे शहरातल्या डेंग्यूचा आणि हवेचा ताळा घालून पाहिला. हा अभ्यास २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, हवेत ६० ते ७८ टक्के ओल आणि बेताचा, पसरून पडणारा पाऊस असे जुळून आले की काही आठवड्यांनी डेंग्यू वाढतो, असे त्यात दिसले. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त असा धो धो पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रुग्ण कमी होतात.  हवा अशीच तापत गेली तर पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २०३० पर्यंत १३ टक्क्यांनी वाढतील, असा त्यांचा अंदाज आहे. दूर नेपाळात काठमांडू हे उंचावरचे थंड शहर. जुन्या लोकांना तेथे डेंग्यू ठाऊक नव्हता. २०२२ साली देशभर मोठी साथ आली आणि काठमांडूचे खोरेही त्यात सापडले.

आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आरोग्य खाते सांगते. आठवडाच का? कारण २५ ते ३० अंशांच्या हवेत अंड्याचा उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. २० अंशांना पंधरा दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे सात दिवस हा आकडा डासाच्या सर्वांत भरभर वाढीवरून धरलेला आहे. दहा दिवसांनी भांडे रिकामे केले तर अळ्यांऐवजी मोकळी सालपटे सापडतील. डास उडून गेलेले असतील. दुसरे असे की एडिसची अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. भांडे नुसते पालथे केले तर ती वाळतात, पण मरत नाहीत. कित्येक महिने तशीच राहून पाणी लागताच त्यांतून अळ्या निघतात. मार्चमध्ये माळ्यावर टाकलेली टाकी जूनमध्ये भरली की तिच्यात अळ्या, त्या याच. तेव्हा रांजण काथ्याने किंवा ब्रशने आतून खरखरून घासावा, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग. हौद उपसणे शक्य नसेल तर त्यावर घट्ट झाकण घालावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. हे मासे प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. फ्रीजच्या मागच्या ट्रेकडे कुणाचे लक्ष जात नाही. यंत्राच्या उबेमुळे त्यातले पाणी डिसेंबरातही कोमट असते आणि बाहेर थंडी असताना त्यात अळ्या आरामात वाढू शकतात.

घरात कुणाला ताप आला तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. एडिस दिवसा चावतो, आणि एकच डास पोट भरेपर्यंत दोघा-तिघांना चावून घेतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. तेवढे दिवस डासाला त्याच्यापर्यंत पोचू दिले नाही, तर घरातला पुढचा रुग्ण टळू शकतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अंगदुखी फार आहे म्हणून दुकानातून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आणून देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरला की माणसे निर्धास्त होतात, पण जपायचे दिवस तेच. पोटात जोरात दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त, लघवी कमी होणे, माणूस बेचैन किंवा सुस्त होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र काढू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

आता थंडीविषयी. हिवताप या नावातले हीव म्हणजे तापाआधी भरणारी हुडहुडी. त्याचा हिवाळ्याशी संबंध नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांपर्यंत उतरतो, डासातल्या जंतूंची वाढ मंदावते, नवे रुग्ण कमी होतात. मग हा रोग थंडी आणि पुढचा उन्हाळा कसा काढतो? व्हायव्हॅक्सचे जंतू त्यासाठी माणसाचाच आसरा घेतात. काही जंतू रुग्णाच्या यकृतात निपचित पडून राहतात. तेथे बाराही महिने ३७ अंश! काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी ते जागे होतात आणि एकही डास न चावता पुन्हा थंडी वाजून ताप येतो. त्या वेळी बाहेर जूनची ओल सुरू झालेली असेल, तर हाच रुग्ण गल्लीतल्या नव्या डासांना जंतू पुरवतो.

या झोपलेल्या जंतूंवर क्लोरोक्विनचा उपयोग होत नाही. त्याने तीन दिवसांत रक्तातले जंतू मरतात आणि ताप जातो, म्हणून माणूस बरे वाटून कामाला लागतो. यकृतातल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना त्या देत नाहीत, आणि काही लोकांच्या रक्तात एक विकर जन्मतः कमी असते, त्यांनाही त्या अपाय करतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. गोळ्या घेताना लघवी काळपट लाल झाली तर त्या थांबवून लगेच दाखवावे. पण सुरू केल्यावर तसे काही नसताना पाचव्या-सहाव्या दिवशी सोडूही नयेत. माझ्याकडे येणारे निम्मे तरी रुग्ण ‘ताप गेला, मग गोळ्या कशाला’ म्हणून पुडी फळीवर ठेवून देतात. रक्ताची तपासणी आणि या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. खेड्यात आशाताईंकडेही बोटातले थेंबभर रक्त तपासून मिळते.

गेल्या पावसाळ्यात ज्यांना व्हायव्हॅक्स हिवताप झाला होता, त्यांना येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ताप आला तर डास नाहीत म्हणून गप्प बसू नये. रक्त तपासून घ्यावे, जुना कागद बरोबर आणावा, आणि त्या वेळी १४ पैकी किती गोळ्या पोटात गेल्या होत्या ते डॉक्टरांना खरे खरे सांगावे.